बिल्टी आणि माल : सी भाषेतील व्हेरिॲडिक फंक्शनांची तपासणी

देगलूर सोडून मदनूरच्या दिशेने निघालेल्या मालट्रकच्या चालकाजवळ एक कागद असतोच असतो. त्याला बिल्टी म्हणतात. कोणता माल, किती नग, कोणाकडून कोणाकडे, हे बिल्टीवर लिहिलेले असते; ताडपत्रीखाली प्रत्यक्ष काय आहे ते मात्र ताडपत्री सोडल्याखेरीज दिसत नाही. हैदराबादेच्या गोदामात माल उतरवून घेणारा मुनीम बिल्टी वाचून पोती मोजून घेतो, म्हणून चूक उघडकीस येते. आता असा एक मुनीम कल्पावा, की जो पोती मोजतच नाही. बिल्टीवर वीस पोती लिहिली आहेत म्हणून तो वीस वेळा हात घालतो, आणि ट्रकमध्ये अठराच असली तर उरलेल्या दोन वेळा शेजारी उभ्या असलेल्या परक्या ट्रकमधून हाताला लागेल ते उचलतो. सी या संगणकभाषेत असा मुनीम खरोखरच आहे. तो कसा वागतो आणि माल निघण्यापूर्वीच बिल्टी तपासण्याची सोय कोणती, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

येथे प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. या लेखातील सर्व संकेत उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर टंकताना ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकावे लागतात.

सी भाषेतील बहुतेक फंक्शने काटेकोर असतात. दोन पूर्णांक घेणाऱ्या फंक्शनाला कोणी तीन दिले, तर कंपायलर तेथेच अडवतो आणि प्रोग्राम तयार होऊ देत नाही. परंतु काही फंक्शनांना किती मूल्ये मिळतील हे आधी सांगता येत नाही. त्यांच्या घोषणेत शेवटी तीन टिंबे असतात. टिंबांचा अर्थ, येथून पुढे कितीही आणि कोणत्याही जातीची मूल्ये येऊ शकतात. अशा फंक्शनाला व्हेरिॲडिक म्हणतात. प्रत्येक विद्यार्थी सी शिकताना पहिल्याच दिवशी ज्याला भेटतो ते ‘प्रिंटएफ’ याच जातीचे आहे. उदाहरणार्थ, शिष्यवृत्तीची यादी छापणारी ही ओळ पाहा :

प्रिंटएफ("%एस : %डी रुपये", नाव, रक्कम);

अवतरणचिन्हांतील मजकूर हा साचा. त्यातील ‘%एस’ म्हणजे येथे अक्षरांची माळ येईल आणि ‘%डी’ म्हणजे येथे पूर्णांक येईल. साचा ही बिल्टी, आणि पुढील ‘नाव’ व ‘रक्कम’ हा माल. प्रिंटएफला मिळालेल्या मूल्यांची संख्या आणि जात त्याला कोणीही सांगत नाही. तो केवळ साचा वाचतो आणि त्यात लिहिल्याप्रमाणे एकेक मूल्य उचलीत जातो. नाव आणि रक्कम यांची अदलाबदल झाली, तर तो रकमेचा आकडा हाच स्मृतीतील पत्ता समजून त्या पत्त्यावर अक्षरे शोधू लागतो, आणि बहुधा तेथेच प्रोग्राम कोसळतो. कोसळला तर ते सुदैवच म्हणावे. खरी अडचण तो न कोसळता काहीतरी छापतो तेव्हाची.

आपल्या भागातील अनेक प्रयोगशाळांत निळ्या पडद्याचा टर्बो सी दीर्घकाळ वापरला गेला. तो १९९० च्या दशकाच्या आरंभीचा कंपायलर आहे. त्यातील साधा पूर्णांक दोन बाइटांचा, तर ‘लाँग’ जातीचा पूर्णांक चार बाइटांचा असतो. समजा, रक्कम लाँग जातीची असून तिचे मूल्य १,००,००० आहे, महिने १० आहेत आणि साचा "%डी रुपये, %डी महिने" असा आहे. पहिल्या ‘%डी’ने दोनच बाइट उचलले. एक लाखातून ६५,५३६ वजा जाता ३४,४६४ उरतात. दोन बाइटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ही संख्या मावत नाही, म्हणून ती उणे ३१,०७२ अशी वाचली जाते. एक लाखाचे वरचे दोन बाइट तसेच राहिले होते. त्यांत १ हा अंक आहे. दुसरा ‘%डी’ तोच उचलतो. परिणामी पडद्यावर “-३१०७२ रुपये, १ महिने” असे उमटते आणि खरे १० महिने कोणीच वाचत नाही. चूक पहिल्या मूल्यात झाली, पण दुसरेही बिघडले. एक पोते चुकले की पुढची सारी मोजणी सरकते, तसे.

हाच प्रोग्राम आजच्या ६४ बिटी लिनक्स यंत्रावर चालवला, तर १,००,००० आणि १० अगदी बरोबर छापले जातात. चूक जशीच्या तशी आहे. यंत्राच्या रचनेने ती झाकली, एवढेच. रक्कम तीन अब्ज झाली की तेथेही उणे १,२९,४९,६७,२९६ असा आकडा उगवतो. पूर्णांकाच्या जागी दशांशाचा ‘%एफ’ लिहिला तर आणखी वेगळा प्रकार घडतो. या यंत्रांत पूर्णांक आणि पत्ते एका गटातील रजिस्टरांतून जातात, दशांश संख्या दुसऱ्या गटातून. मूल्य एका दाराने आले आणि प्रिंटएफ दुसऱ्या दाराशी वाट पाहात बसला, असे होते. मग त्या दाराशी आधीचे जे काही पडलेले असेल तेच तो छापतो.

या यंत्रकथेत जे पणाला लागते ते मनुष्याचे असते, म्हणून हा विषय आम्हांला स्मरणिकेसाठी योग्य वाटला. आपल्या वसतिगृहातून मुले-मुली नांदेडला, लातूरला, पुढे पुण्याला शिकावयास जातात. कित्येकांच्या घरात संगणक हा त्यांच्याच हातून प्रथम येतो. पहिल्या वर्षी ‘स्कॅनएफ’ लिहिताना वयाच्या आधीचे ‘&’ हे चिन्ह राहून जाते. स्कॅनएफदेखील व्हेरिॲडिकच असल्यामुळे कंपायलर हूं की चूं करीत नाही, आणि प्रोग्राम एका यंत्रावर चालतो, दुसऱ्यावर बंद पडतो. शेजारच्या बाकावरील शहरी विद्यार्थी घरी कोणालातरी विचारतो. आपला विद्यार्थी स्वतःलाच विचारतो, आणि “मला हे जमत नाही” असे उत्तर स्वतःच देतो. यंत्राच्या मौनाचा अर्थ तो स्वतःची अपात्रता असा लावतो. वस्तुतः या चुका कंपायलरला दिसू शकतात. त्याला फक्त बोलते करावे लागते.

मोफत मिळणारा जीसीसी हा कंपायलर प्रिंटएफ, स्कॅनएफ आणि त्यांच्या भावंडांना नावाने ओळखतो. आज्ञेत ‘-डब्ल्यूऑल’ हा पर्याय जोडला की साचा आणि मूल्ये यांचा ताळा तो प्रोग्राम तयार करतानाच पाहतो. वरील उदाहरणात तो इशारा देतो, की ‘%डी’ला पूर्णांक अपेक्षित आहे, मात्र दुसरे मूल्य लाँग जातीचे आहे. ‘&’ राहिले तर तेही सांगतो. ज्या शिक्षकांना आजही जुन्याच कंपायलरवर शिकवावे लागते त्यांची अडचण आम्ही जाणतो. तरीही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर मुका कंपायलर ठेवणे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

येथपर्यंत सारे सुरळीत आहे. परंतु थोडा मोठा प्रोग्राम लिहू लागताच मनुष्य थेट प्रिंटएफ वापरणे सोडतो आणि स्वतःचे फंक्शन करतो. समजा, घडामोडींची नोंद ठेवणारे हे फंक्शन आहे :

नोंद(पातळी, साचा, ...);

त्याच्या पोटात तो साचा शेवटी ‘व्हीप्रिंटएफ’कडेच जातो. पण कंपायलरला ‘नोंद’ हे नाव परके आहे. दुसऱ्या स्थानी आलेली अक्षरांची माळ म्हणजे बिल्टी आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे नोंद("%डी", नाव) असे कोणी लिहिले आणि पातळी द्यायलाही विसरले, तर तो पातळीच्या जातीबद्दल काही बोलेल कदाचित. पण पातळी नीट देऊन साच्यात घोळ केला तर तो पूर्णपणे गप्प राहतो. प्रिंटएफबाबत मिळणारे सारे संरक्षण एका वेष्टनामुळे नाहीसे होते. मोठ्या प्रोग्रामांत हजारो ओळी अशा वेष्टनांतूनच छापल्या जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या मौनाची व्याप्ती कळते.

यावरील उपाय एका ओळीचा आहे. फंक्शनाच्या घोषणेशेजारी कंपायलरसाठी ही टीप जोडायची :

__ॲट्रिब्यूट__((फॉरमॅट(प्रिंटएफ, २, ३)))

हिचा अर्थ असा : या फंक्शनाचा साचा प्रिंटएफच्या नियमांनी वाचावा, साचा दुसऱ्या स्थानी आहे, आणि तपासायची मूल्ये तिसऱ्या स्थानापासून सुरू होतात. टीप लिहिल्यावर फंक्शनाच्या चालण्यात तिळमात्र फरक पडत नाही. प्रोग्रामचा वेगही तोच राहतो. बदलते ते इतकेच, की ‘नोंद’च्या प्रत्येक वापरावर कंपायलर आता प्रिंटएफइतकीच बारीक नजर ठेवतो. कंस दुहेरी का, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. ज्या कंपायलरला ही टीप समजत नाही, तेथे एका लहानशा मॅक्रोने ती संपूर्ण गिळून टाकता यावी म्हणून. आतला कंस असल्यामुळे स्वल्पविरामांसह सगळा मजकूर मॅक्रोला एकच घास वाटतो.

तीन टिंबांऐवजी आधीच बांधलेले मूल्यांचे गाठोडे, म्हणजे ‘व्हीए-लिस्ट’, घेणारी फंक्शनेही असतात. तेथे मूल्ये कंपायलरला दिसतच नाहीत, म्हणून तिसऱ्या अंकाच्या जागी ० लिहितात. मग तो केवळ साच्याची शुद्धता पाहतो. लिनक्सच्या गाभ्यातही हीच टीप ‘__प्रिंटएफ(२, ३)’ अशा लघुरूपात जागोजाग आढळते. क्लँग या कंपायलरलाही ती समजते.

चुकीचा आकडा छापला जाणे ही या दोषाची सौम्य बाजू. उग्र बाजू २०२१ च्या जूनमध्ये जगासमोर आली. एका संशोधकाने आपल्या वायफायला ‘%पी%एस%एस%एस%एस%एन’ असे नाव दिले आणि आयफोन त्याला जोडला. फोनचे वायफायच बंद पडले. फोन पुन्हा चालू करूनही ते सुरू होईना, नेटवर्कची मांडणी मूळपदावर आणावी लागली. कोठेतरी आत ते नाव माल म्हणून न जाता बिल्टी म्हणून वाचले गेले होते. त्यात ‘%एन’ हा संकेत विशेष घातक आहे, कारण तो वाचत नाही, स्मृतीत लिहितो. बाहेरून आलेला मजकूर साच्याच्या जागी ठेवणे, म्हणजे प्रिंटएफ("%एस", नाव) ऐवजी प्रिंटएफ(नाव) लिहिणे, हा परक्या माणसाच्या हाती कोरी, सही केलेली बिल्टी देण्यासारखा प्रकार आहे. ‘-डब्ल्यूफॉरमॅट=२’ हा पर्याय दिला की कंपायलर अशा जागा दाखवतो, आणि आपल्या स्वतःच्या फंक्शनांतही दाखवतो; मात्र तेथे वरील टीप असली तरच.

सर्वच व्हेरिॲडिक फंक्शनांना साचा नसतो. काहींना नुसती यादी दिली जाते आणि ती संपल्याची खूण म्हणून शेवटी ‘नल’ हा रिक्त पत्ता ठेवतात. दुसरा प्रोग्राम सुरू करणारे ‘एक्झेकएल’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. नांदेड स्थानकावर ज्यांनी गाड्या न्याहाळल्या आहेत त्यांना शेवटच्या डब्यामागील मोठी फुली आणि ‘एलव्ही’ ही पाटी ठाऊक असेल. ती दिसली म्हणजे गाडी संपूर्ण गेली, मागे डबे सुटले नाहीत, असे रेल्वेचा कर्मचारी समजतो. ‘नल’ ही तशी पाटी आहे. ती लावायची राहिली तर फंक्शन यादीच्या पलीकडची स्मृतीही डबेच समजून वाचीत सुटते. येथे ‘सेंटिनल’ नावाची टीप उपयोगी पडते :

__ॲट्रिब्यूट__((सेंटिनल))

ही असली की शेवटचे मूल्य नल नसलेला प्रत्येक वापर कंपायलर दाखवून देतो. शेवटी नुसता ० लिहिणाऱ्यालाही तो टोकतो, आणि ते योग्यच आहे. कारण ६४ बिटी यंत्रावर साधा ० चार बाइटांचा आणि पत्ता आठ बाइटांचा. उरलेले चार बाइट रिकामे असतीलच याची हमी कोणी देत नाही. बहुतेक वेळा ते रिकामे असतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे टिकून राहते.

फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ची तऱ्हा निराळी. नवी फाइल निर्माण करायची असेल तरच त्याला तिसरे मूल्य लागते : ती फाइल कोणी वाचावी, कोणी लिहावी, याचे परवाने. ते विसरले तर जे काही हाताला लागेल तेच परवाने ठरतात. गुणपत्रिकेची फाइल सर्वांना उघडी पडू शकते. लिनक्सवरील सी लायब्ररीने आपल्या सुरक्षित पद्धतीत या चुकीला इशाऱ्यावर न सोडता थेट त्रुटी ठरवले आहे, म्हणजे प्रोग्राम तयारच होत नाही.

मराठी माणसाला सर्वांत जवळचा वाटावा असा भाग आता येतो. जीनोम, केडीई यांसारख्या मुक्त प्रणालींचे मराठीकरण स्वयंसेवकांनी आणि पुण्यातील संगणक अभियंत्यांनी मोठ्या चिकाटीने केले. हे काम करताना मूळ इंग्रजी साचे मराठीत आणावे लागतात. आणि आपल्या भाषेचा पदक्रम इंग्रजीच्या उलटा. इंग्रजीत आधी “इतक्या फाइलींची नक्कल” आणि मागून “अमुक ठिकाणी” असे येते, म्हणून साच्यात आधी ‘%डी’ आणि नंतर ‘%एस’. मराठीत सहज लिहिणारा लिहील : “%एस येथे %डी फाइलींची नक्कल होत आहे”. वाक्य निर्दोष, मराठी सुंदर, आणि प्रोग्राम कोसळला! कारण मूल्ये अजून इंग्रजीच्याच क्रमाने येत आहेत; फाइलींची संख्या ५ असेल तर ‘%एस’ पाच क्रमांकाच्या पत्त्यावर अक्षरे शोधू जातो. यावर उपाय म्हणून साच्यात क्रमांक घालता येतात : “%२$एस येथे %१$डी फाइलींची नक्कल होत आहे”. दुसरे मूल्य आधी, पहिले नंतर. मराठीने आपला पदक्रम सोडायचा नाही आणि यंत्रानेही फसायचे नाही, असा हा समझोता आहे.

पण याची तपासणी कोण करणार? अनुवाद प्रोग्राम चालू असताना वेगळ्या फाइलीतून येतो. कंपायलरने तो कधीच पाहिलेला नसतो. शिवाय साचा आता ‘गेटटेक्स्ट’ या अनुवादक फंक्शनातून जातो, तेव्हा प्रिंटएफच्या हाती नेमके काय पडणार हेही कंपायलरला दिसत नाही. त्यासाठी ‘फॉरमॅट-आर्ग’ ही तिसरी टीप आहे. ती सांगते, की या फंक्शनात साचा जातो आणि त्याच घडणीचा साचा बाहेर पडतो. त्यामुळे निदान मूळ इंग्रजी साच्याचा मूल्यांशी ताळा पाहता येतो. मराठी साचा मूळ साच्याशी जुळतो का, हे ‘एमएसजीएफएमटी’ हे साधन अनुवादाची फाइल बांधताना पाहते. त्याला ‘-सी’ हा पर्याय मात्र द्यावा लागतो. दोन निरनिराळे तपासनीस, दोन निरनिराळ्या टप्प्यांवर. अनुवादकाला सी भाषा यावी अशी अपेक्षा नाही, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला मराठी यावे अशीही नाही. तरीही दोघांच्या कामाचा सांधा कोणीतरी तपासलेला असतो, ही व्यवस्था आम्हांला फार मोलाची वाटते.

या टिपांना मर्यादाही आहेत. साचा प्रोग्राम चालू असताना घडवला जात असेल, तर कंपायलरला तो दिसत नाही. २०१२ च्या जानेवारीत ‘सुडो’ या लिनक्सवरील अत्यंत नाजूक प्रोग्राममध्ये असाच दोष सापडला. दोष शोधण्यासाठीच्या नोंदी छापणाऱ्या फंक्शनात प्रोग्रामचे नाव साच्यात मिसळले जात होते आणि तो नवा साचा व्हीप्रिंटएफच्या कुळातील फंक्शनाला दिला जात होता. प्रोग्रामला कोणत्या नावाने हाक मारायची हे वापरणाऱ्याच्या हाती असते. म्हणजे बिल्टीचा काही भाग परक्याने लिहिल्यासारखे झाले. वापराच्या जागी लावलेली टीप येथे काही करू शकत नाही, आणि जीसीसीचा कडक पर्यायदेखील गाठोडे घेणाऱ्या फंक्शनांच्या बाबतीत साचा स्थिर नाही म्हणून तक्रार करीत नाही. अशा जागा डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. तसेच कोणी आपले स्वतःचे नवे टक्का-संकेत बनवले असतील तर ते कंपायलरला शिकवण्याची सोय या टिपेत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाच्या मुळाशी जाऊन अभ्यास झालेला आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे केंद्र उभे राहिले, आणि हा कंपायलर आतून कसा चालतो हे शिकवणाऱ्या कार्यशाळा तेथे घेतल्या गेल्या. नुसता वापरण्यापलीकडे जाऊन तो उघडून पाहण्याची इच्छा ज्याला असेल, त्याला वाट बंद नाही. जीसीसीची सारी मूळ संहिता कोणालाही वाचता येते.

जुन्या प्रोग्राममध्ये या टिपा लावायच्या असतील, तर सुरुवात ‘-डब्ल्यूसजेस्ट-ॲट्रिब्यूट=फॉरमॅट’ या पर्यायाने करावी; कोणत्या फंक्शनांना टीप शोभेल हे कंपायलर स्वतःच सुचवतो. टीप हेडर फाइलीतील घोषणेवर लावावी, म्हणजे ते फंक्शन वापरणाऱ्या प्रत्येक फाइलीला ती दिसते. पहिल्याच दिवशी इशाऱ्यांचा पाऊस पडेल. तो ओसरून शून्यावर आला की मग ‘-डब्ल्यूएरर=फॉरमॅट’ जोडावे, जेणेकरून पुढे कोणाचीही नवी चूक इशारा म्हणून दुर्लक्षित न राहता प्रोग्रामच थांबवील. सी++ मध्ये वर्गाच्या सदस्य-फंक्शनाला टीप लावणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की तेथे ‘धिस’ हे न लिहिलेले मूल्य पहिले स्थान घेऊन बसलेले असते. म्हणून ‘नोंद’साठी २ आणि ३ ऐवजी ३ आणि ४ लिहावे लागतात.